होडीवरच्या जुन्या टफबुकचा आठ महिन्यांचा अनुभव

धरणांच्या जलाशयात खोली मोजून साचलेल्या गाळाचा हिशेब मांडणे हे माझे काम आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला, कधी माजलगावला, कधी येलदरीला जायचे, तिथल्या मासेमाराची होडी रोजाने घ्यायची, खोलीमापकाचा दांडा तिच्या कडेला आवळून बांधायचा आणि आखलेल्या रेषांवरून दिवसभर फेऱ्या मारायच्या. खोलीमापकाचे आणि जीपीएसचे आकडे दर सेकंदाला लॅपटॉपमध्ये उतरतात, त्यामुळे लॅपटॉप बंद पडला की होडीचे भाडे आणि माणसांची मजुरी चालू राहते आणि काम तेवढे थांबते. साध्या लॅपटॉपवर छत्री धरून मी दोन हंगाम काढले आणि गेल्या दिवाळीत ३४ हजार रुपयांना वापरलेला पॅनासोनिक टफबुक सीएफ-३१, म्हणजे खडतर वापरासाठी बनवलेला लॅपटॉप, घेतला. त्याला आता आठ महिने झाले.

खरेदीपूर्वी डेल लॅटिट्यूड ५४१४ हाही पर्याय समोर होता. तो वजनाने हलका, पडदा मोठा आणि भावही जवळपास सारखाच. मात्र धूळ आणि पाण्यापासून त्याचे संरक्षण आयपी ५२ दर्जाचे आहे, म्हणजे वरून पडणारे थेंब तो १५ अंश कललेल्या स्थितीपर्यंत सोसतो. होडीत पाणी वरून फारसे पडत नाही. ते बाजूने आणि खालून येते. सीएफ-३१ चा दर्जा आयपी ६५ आहे. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत न शिरणे आणि ५ म्हणजे कोणत्याही दिशेने आलेला पाण्याचा झोत सोसणे. शिवाय त्याला अंगचे सिरियल पोर्ट, म्हणजे मापकांची तार थेट लावण्याची जुन्या पद्धतीची जोडणी, आहे, आणि माझे दोन्ही मापक त्याच जोडणीतून आकडे देतात. यूएसबीतून सिरियल करणारी तार इंजिनाच्या थरथरीने सुटते, हे मी आधी पुरेसे भोगले होते.

जुने यंत्र घेताना बाहेरचे ओरखडे पाहण्यात वेळ घालवू नये, ते असणारच. मी आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी यंत्राची मूळ सेटिंग, उघडून पाहिले. तिथे पासवर्ड मागितला गेला असता तर यंत्र तिथेच ठेवून परतलो असतो, कारण मोठ्या संस्थांतून लिलावात निघालेली यंत्रे कधीकधी कुलूपबंद अवस्थेतच बाजारात येतात. त्याच बायोसमध्ये माहितीच्या पानावर यंत्र एकूण किती तास चालले याची नोंद असते. विक्रेत्याने "फारसा वापरच झालेला नाही" असे सांगितले होते. नोंद ६,८१२ तासांची निघाली, आणि त्या आकड्यावर चार हजार रुपये कमी झाले. त्यानंतर हार्ड डिस्कची पेटी उघडली. ती डिस्क स्वतःच्या खास चौकटीत बसते आणि अनेक जुनी यंत्रे त्या चौकटीविनाच विकली जातात, म्हणून ती जागेवर असल्याची खात्री करून घेतली व घरी आल्यावर आत एसएसडी बसवली. बॅटरीचे संपर्कबिंदूही भिंगाखाली पाहिले. बंदरावर वापरलेल्या यंत्राच्या पितळी भागांवर हिरवट थर असेल, तर खारी हवा आतपर्यंत पोचली आहे असे समजावे.

पडद्याबद्दल तक्रार नाही. साध्या लॅपटॉपचा पडदा साधारण २५० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) असतो, याचा १,२०० निट्सपर्यंत जातो, आणि डिसेंबरच्या दुपारी पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या मधोमध, पाण्यावरून ऊन डोळ्यांत येत असतानाही खोलीची रेषा स्पष्ट दिसते. स्पर्शपडदा दाबावर चालणारा असल्याने ओल्या बोटानेही नीट चालतो. मोबाईलच्या पडद्यावर पाण्याचा थेंब पडला की जो गोंधळ होतो, तो इथे होत नाही. मात्र पडदा १०२४ बाय ७६८ बिंदूंचा आहे. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर उघडले की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून निम्मी जागा खातात आणि नकाशा पोस्टकार्डाएवढा उरतो, त्यामुळे आकडेवारीची पुढची छाननी मी घरच्या संगणकावरच करतो.

आता पाण्याविषयी. आयपी ६५ हा दर्जा पोर्टांवरच्या सर्व झडपा बंद असताना लागू होतो, आणि होडीवर सिरियल पोर्टची झडप कधीच बंद नसते, कारण तार तिथेच लावलेली असते. खरेदीच्या वेळी एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. दुपारनंतर वारा सुटला की नाथसागराच्या उघड्या पाण्यावर चांगल्या लाटा उठतात. नोव्हेंबरात अशाच एका लाटेचे पाणी तारेवर पडले आणि तारेच्याच अंगाने ओघळत थेट पोर्टपाशी आले. पुसून, पोर्ट कोरडे करून काम पुढे चालले, नुकसान काही झाले नाही. तेव्हापासून तार आधी खाली लोंबती ठेवून मग वर पोर्टकडे नेतो, म्हणजे पाणी लोंबत्या भागाच्या टोकाशी गळून जाते. उरलेल्या झडपांचीही परीक्षा घेतली: कागदाची पट्टी मध्ये धरून झडप लावायची आणि पट्टी ओढायची. तीन ठिकाणी पट्टी अलगद निघाली, म्हणजे वयोमानाने तिथले रबर मेलेले होते. ते बदलून घेतले.

पण मराठवाड्यात यंत्राचा खरा शत्रू पाणी नव्हे, ऊन आहे. गाळाची मोजणी शक्यतो पाणी भरपूर असताना करतात, तरी माजलगावचे एक राहिलेले काम मला एप्रिल-मेमध्ये उरकावे लागले. ४२ अंशांच्या दुपारी काळसर झाकणाचे हे यंत्र उघड्यावर ठेवले, तर मनगट टेकवणे अशक्य होते. लिथियम-आयन बॅटरी फार तापली की चार्ज होणे थांबते, आणि पहिल्या आठवड्यात रोज दीडच्या सुमाराला हेच होत राहिले. मी मात्र तार आणि फ्यूज तपासत बसलो. या यंत्राच्या सेटिंगमध्ये बॅटरीसाठी जास्त तापमानाचा पर्याय आहे. तो निवडल्यावर बॅटरी नेहमीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच भरते, पण त्रास थांबतो. त्याच्या जोडीला पांढऱ्या धोतराच्या कापडाची झापड शिवून घेतली. त्या दिवसांत पाणी ओसरल्याने उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीवरून धूळ सतत उडत होती. संध्याकाळी कळफलकावर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर बसे, आणि ओल्या फडक्याने पुसला की काम संपे. आयपीमधल्या ६ या आकड्याचे मोल मला त्या महिन्यात समजले.

विजेबाबत एक सूचना करावीशी वाटते. याचा ॲडॅप्टर १५.६ व्होल्ट आणि ७.०५ ॲम्पियरचा, म्हणजे सुमारे ११० वॅटचा आहे. सुरुवातीला मी १२ व्होल्टच्या बॅटरीवर स्वस्त इन्व्हर्टर लावून तो चालवला, तर खोलीमापकाच्या नोंदीत तळाच्या वर ठिपक्यांच्या आडव्या रेघा उमटू लागल्या. इन्व्हर्टर बंद केला की रेघा गायब. मग बॅटरीवरून थेट चालणारा गाडीचा ॲडॅप्टर घेतला. पूर्ण भार आला तर बॅटरीतून दहा ॲम्पियरच्या आसपास प्रवाह ओढला जातो, त्यामुळे तार जाड घ्यावी आणि १५ ॲम्पियरचा फ्यूज बॅटरीलगतच लावावा.

जीपीएसची तार जोडलेली ठेवून लॅपटॉप सुरू केला, की पडद्यावरचा बाण अंगात आल्यासारखा नाचू लागे आणि फाईली आपोआप उघडत. यात दोष यंत्राचा नाही. विंडोज सुरू होताना सिरियल पोर्टवर माऊस आहे का हे तपासते आणि जीपीएसचे अखंड येणारे आकडे पाहून त्यालाच माऊस समजते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन हा खोटा माऊस निष्क्रिय केला की प्रश्न कायमचा मिटतो. विषय विंडोजचाच निघाला आहे तर हेही सांगतो, की सीएफ-३१ च्या मार्क ५ या आवृत्तीतला पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझा लॅपटॉप इंटरनेटला जोडलेलाच नसतो आणि आकडे पेनड्राइव्हने नेतो, म्हणून मला चालते. ज्यांना याच यंत्रावर बँकेचे व्यवहारही करायचे असतील, त्यांनी हे घेऊ नये.

वजन पावणेचार किलोच्या आसपास आहे. पैठणच्या आमच्या नावाडीकाकांनी पहिल्या दिवशी पिशवी उचलून पाहिली आणि "सर, हे काय नांगर म्हणून आणलंय का?" असे विचारले. होडीत हे वजन उपयोगीच पडते, वाऱ्याने यंत्र हलत नाही. काठावरच्या चिखलातून अर्धा किलोमीटर ते खांद्यावर वाहताना मात्र काकांचे म्हणणे पटते.

आज तासांची नोंद ७,५९० आहे. बॅटरी नवी असताना किती टिकत असेल कोण जाणे, माझ्याकडे ती पडदा पूर्ण उजळ ठेवून जेमतेम तीन तास जाते. पावसाळ्यानंतरच्या कामासाठी दुसरी बॅटरी शोधतो आहे. जुन्या बाजारातली नको, तिचे वय कळायला बायोससारखी खात्रीची नोंद माझ्या हाती लागलेली नाही.