छुसॉक: घरी की जेजूला?

२०२५ साली छुसॉक, म्हणजे कोरियाचा सुगीचा सण, आणि कोजागरी एकाच दिवशी आले, ६ ऑक्टोबरला. कोरियात या पौर्णिमेला सकाळी पितरांपुढे नव्या तांदळाचं ताट मांडतात. त्याआधी सगळे मिळून सोंगप्यॉन वळतात: तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ नि मध, आणि उकडताना खाली पाइनच्या सुया. झाकण काढलं की तो वास घरभर पसरतो. मोदकांची आठवण येतेच! मात्र घरी जाणाऱ्यांच्या गर्दीने रस्ते तुंबलेले असतात आणि स्वयंपाकाचा भार अजूनही बहुतेक सुनांवरच. ते मला फार खुपतं.

दुसरा पर्याय सुट्टीत फिरायला जाण्याचा: जेजू बेट सोलहून विमानाने तासाभरावर. काळा लाव्हा, १,९४७ मीटरचा हाल्लासान पर्वत. सासूबाई थकल्या असतील तर त्यांनाही घेऊन खुशाल जावं. पण घरात लहान मूल असेल तर मी घरच निवडेन. आजीशेजारी बसून त्याला पहिला वाकडातिकडा सोंगप्यॉन वळू द्यावा.