फुटलेली यादी की माहितीचा अर्ज?

कापसाच्या नुकसानीच्या मदतीची यादी यवतमाळकडच्या आमच्या गावात दोनदा आली. आधी मोबाईलवर, मग टपालाने.

मोबाईलवरची कुणीतरी कार्यालयातल्या टेबलावरच फोटो काढून पाठवलेली. कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग, अन् प्रत्येक नावापुढे आधार नंबर, खातेनंबर. तासाभरात गावभर झाली. ज्याच्या वावरात पऱ्हाटीच नव्हती त्याचंही नाव दिसलं, ते कळायलाच हवं होतं. पण काकूचा खातेनंबरही पानठेल्यावर वाचला गेला, अन् आठवड्यात तिला ओटीपी मागणारे फोन सुरू झाले. यादी कच्ची की पक्की, तेही कुणाला सांगता येईना.

दुसरी वाट 2005च्या माहिती अधिकार कायद्याची. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं तर अपील. मला अपिलात जावं लागलं, तोवर वेचणी आटोपली. पण हाती आली ती सही-शिक्क्याची प्रत: नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम. खातेनंबर झाकलेले. तक्रारीला जोडता आला तो हाच कागद.

म्हणून मी अर्जच निवडतो. अर्ज दाबले जातात तिथे कागद बाहेर काढणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणणार नाही, फक्त त्यानं खातेनंबर काळे करावेत. खरं तर अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कार्यालयानं स्वतःहूनच जाहीर करायचा असतो. आमच्याकडे कार्यालयाचा फलक अजून कोराच आहे.