नॅरोबोट घेताय? ५७ फुटी की ७० फुटी?
इंग्लंडच्या कालव्यांवर राहायला नॅरोबोट, म्हणजे अरुंद, लांबट बोट घ्यायची, तर रंग-पडदे नंतर. आधी लांबी ठरवा. ७० फुटीत संसार ऐसपैस मांडता येतो, ग्रँड युनियन कालव्यावर ती बिनघोर फिरते. पण कॅल्डर अँड हेबल जलमार्गाचे लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे, दोन्ही टोकांना दारं असलेले हौद) जेमतेम ५७ फुटांचे. तिथे तिला वाट बंद. ५७ फुटी जवळपास सगळीकडे जाते, वळवायला सोपी, परवान्याचं शुल्कही कमी. एकाच भागात कायम राहणार असाल तरच मी लांब बोट सुचवेन.

खरा फरक लॉकमधून खाली उतरताना कळतो. वरच्या दाराशी पाण्याखाली उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीची मागची बाजू त्यावर अडकली, तर पुढची बुडते. ५७ फुटी पुढे सरकवून ठेवता येते. ७० फुटीला जागा फारच थोडी, म्हणून सुकाणू सोडून चहाला आत जायचं नाही.