सहा क्रेडिट कार्डांवरून तीनवर: कोणती बंद केली, कोणती ठेवली, आणि आता काय वाटतंय

पाकिटात सहा क्रेडिट कार्डं होती. त्यातली तीन बंद करून बरेच महिने झाले, म्हणून आता सविस्तर लिहितेय. कॅशबॅकचे टक्के मांडून कार्डांची तुलना करणारे व्हिडिओ ढिगानं सापडतात. माझं मत असं झालंय की कार्ड बंद करायचं ठरवताना टक्के सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायचं ते त्या कार्डावर काय काय अवलंबून आहे ते. ऑटो-पे कुठले, ॲड-ऑन (आपल्याच कार्डावर घरच्या माणसाच्या नावाचं जादा कार्ड) कुणाचं, ईएमआय चालू आहे का, पॉइंट किती पडून आहेत, आणि एकूण लिमिटमध्ये त्याचा वाटा किती.

सर्वांत सोपं होतं पेट्रोलचं कार्ड. घरात इलेक्ट्रिक स्कूटर आली आणि त्या कार्डाचं काम संपलं, तरी ४९९ रुपये अधिक जीएसटी दरवर्षी जातच होते. शिवाय ते आणि माझं सगळ्यात जुनं कार्ड एकाच बँकेचं, दोघांचं लिमिट सामाईक. त्यामुळे एक बंद केलं तरी वापरता येणारी एकूण रक्कम तेवढीच राहिली. एका बँकेची दोन कार्डं असतील तर हे आधी विचारून घ्या. लिमिट वेगवेगळं असेल, तर बंद करण्यापूर्वी ते दुसऱ्या कार्डाकडे वळवून द्यायला काही बँका तयार होतात.

कपड्यांच्या दुकानाचं को-ब्रँड (दुकान आणि बँक दोघांच्या नावाचं) कार्डही असंच गेलं, लिमिट त्याचंही सामाईकच. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरी घालमेल विमानतळावरच्या लाउंजवाल्या कार्डाची. फी २,५०० रुपये, जीएसटी धरून २,९५०. घेतलं तेव्हा लाउंजचा प्रवेश बिनशर्त होता, पुढे आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच अशी अट आली. कोल्हापूरहून आम्ही पुण्या-मुंबईला जाऊन विमान धरणार ते वर्षातून कधीतरी, आणि तेव्हाही तिमाही आठवत बसायची! पण लिमिट याच कार्डाचं सर्वांत मोठं होतं, साडेतीन लाख. शिवाय सासूबाईंचं ॲड-ऑन त्याच्यावर. मुख्य कार्ड बंद झालं की ॲड-ऑन आपोआप बंद होतं, हे त्यांना आधी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं नाव असलेलं एवढं एकच कार्ड आहे, तेच बरं सापडलं तुला.” मग जुन्या कार्डावर त्यांच्या नावाचं ॲड-ऑन मागवलं, ते हातात आलं आणि मगच पुढचा फोन केला.

लिमिटचं गणित असं. सगळ्या कार्डांचं मिळून आठ लाख होतं आणि महिन्याचा खर्च साठ हजारांच्या आसपास, म्हणजे वापर साडेसात टक्के. बंद केल्यावर लिमिट साडेचार लाख, वापर तेरा टक्क्यांच्या थोडा वर. क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बघतात ते गुण, टिकवायचा तर साधारण तीस टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात, त्यामुळे मला काळजी नव्हती. पण हाच साठ हजारांचा खर्च आणि एकूण लिमिट दीड लाखच उरणार असेल, तर वापर थेट चाळीस टक्क्यांवर जातो. आणि येत्या काही महिन्यांत गृहकर्ज घ्यायचं असेल तर कार्डांना हातच लावू नका. आधी कर्ज मिळू दे, मग आवराआवर.

आता हे लाउंजवालं कार्ड बंद करण्याचा अनुभव. ॲपमध्ये पर्याय शोधून दमले तेव्हा फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. “मॅडम, यंदाची फी माफ करून देते.” पुढच्या वर्षीची? “ती खर्चावर अवलंबून, मॅडम.” नको म्हटलं, तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या म्हणाली. इथे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ चे निर्देश कामी आले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. बाकी थकलेली नसेल तर विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. टपालाने किंवा वेळ खाणाऱ्या दुसऱ्या मार्गानेच अर्ज पाठवा असा आग्रहही धरता येत नाही. हे दोन मुद्दे घालून ईमेल केला. मुदतीत कार्ड बंद झाल्याचा एसएमएस आला. एरवी मी नियमांची पुस्तकं उघडणारी बाई नव्हे, पण या दोन ओळी पाठ असाव्यात.

त्याआधीची तयारी मात्र चिकाटीची होती. पॉइंट संपवले, त्यालाही ९९ रुपये अधिक जीएसटी असं रिडेम्प्शन शुल्क लागलं. ऑटो-पे शोधायला सोपा उपाय म्हणजे एसएमएस. ई-मँडेटचे (ऑटो-पेला दिलेल्या मंजुरीचे) पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते, त्यामुळे जुने मेसेज चाळले की कोणत्या कार्डावरून काय जातं ते कळतं. वार्षिक वर्गण्या मात्र यात निसटतात, त्यासाठी मागच्या पूर्ण वर्षाची स्टेटमेंट काढा. ऑनलाइन कपडे परत केले असतील तर रिफंड येईपर्यंत थांबा. उशिरा आलेली रक्कम बँकेनं तुमच्या खात्यात वळती करायची असते, पण मागे कोण लागणार?

उरलेली तीन.

ॲमेझॉन पे आयसीआयसीआय: आजीवन मोफत, प्राइम सदस्याला ॲमेझॉनवर ५ टक्के, इतरत्र बहुतेक ठिकाणी १ टक्का. फी नाही, पॉइंटांची भानगड नाही. बंद करण्याचा विचारही केला नाही.

एसबीआय कॅशबॅक: ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का. विमा, वीजबिल, भाडं, दागिने वगैरेंवर काही मिळत नाही. फी ९९९, जीएसटीसह सुमारे १,१७९. हे कार्ड नसतं तर तोच खर्च १ टक्का देणाऱ्या मोफत कार्डावर गेला असता, म्हणजे खरा फायदा ४ टक्क्यांचा. त्या हिशेबानं वर्षाला साधारण २९,५०० रुपयांची ऑनलाइन खरेदी झाली की फी वसूल. ॲमेझॉनची खरेदी यात धरायची नाही, ती दुसऱ्या कार्डावर ५ टक्के मिळवतेच. वर्षाला दोन लाख खर्च केले तर फी माफ होते, पण बाराशे रुपये वाचवायला खरेदी वाढवायची हा हिशेब मला पटत नाही. अटी बदलत असतात, घेण्याआधी ताज्या वाचा.

तिसरं ते जुनं, पहिल्या नोकरीतलं. फी नाही, रिवॉर्ड नावापुरते. टक्के बघून ठरवलं असतं तर सर्वांत आधी हेच गेलं असतं. रिन्युअलच्या वेळी ते मी रूपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखं भारतीय नेटवर्क) करून घेतलं. ६ सप्टेंबर २०२४ पासून बहुतेक मोठ्या बँकांना रिन्युअलला नेटवर्क निवडायची मुभा द्यावी लागते. आता ते यूपीआयला जोडलंय आणि दिवसभरात सर्वांत जास्त तेच वापरलं जातं. लक्ष्मीपुरीतला किराणा, औषधं, चहा-बिस्किटं, सगळं त्यावर. कपिलतीर्थ मंडईत मात्र अर्ध्या भाजीवाल्यांकडे चालत नाही, कारण त्यांचा क्यूआर स्वतःच्या साध्या खात्याचा असतो आणि क्रेडिट कार्डावरून यूपीआय फक्त व्यापारी खात्यालाच जातं. तिथे बचत खातं. एक तोटा खरा: चहाचे वीस-वीस रुपये स्टेटमेंटमध्ये आले की ते चार पानी होतं.

आता स्कोअर. पहिल्या काही आठवड्यांत पंधरा-वीस गुण उतरले, पुढे बहुतेक भरून आले. बंद खात्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमधून लगेच पुसली जात नाही, वेळेवर भरलेला इतिहास दिसत राहतो. रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ लिहिलंय ना एवढं बघा, ‘सेटल्ड’ नको. सेटल्ड म्हणजे काही रक्कम सोडून देऊन खातं मिटवलं, आणि कर्ज देणारा त्या शब्दावर अडतो. माझ्या एका रिपोर्टमध्ये कपड्यांचं कार्ड चालूच दिसत होतं. तक्रार टाकल्यावर सुधारलं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी दर तीन महिन्यांनी एकाकडून मागवते.

चुकल्यासारखं वाटतं ते फक्त एका बाबतीत. मोठं लिमिट गेल्यामुळे दवाखान्याच्या मोठ्या बिलाची वेळ आली तर एका कार्डावर भागणार नाही, दोन वेळा स्वाइप करावं लागेल. त्यासाठी आयसीआयसीआयचं लिमिट वाढवून मागितलंय. कॅशबॅक कार्डाची फी फेब्रुवारीत लागते. जानेवारीत वर्षाची खरेदी मोजणार, २९,५०० च्या खाली असेल तर तेही जाईल.