लादी घुमटासारखी वाजत होती आणि मी आईलाच गप्प केलं

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी हॉल, दोन खोल्या आणि देवघर मिळून ६४० फूट लादी बसवायची होती, आणि ७२,४२० रुपये मी स्वतःच्या हाताने देऊन बसलो. मी काही अडाणी नाही, बँकेत नोकरी करतो, म्हणूनच जास्त लाज वाटते.

मेस्त, म्हणजे गवंडी, आपल्यातलाच, जत्रेला देवळात भेटणारा. बाकीचे मजुरी ४५ रुपये फूट सांगत होते, हा ३०. वर म्हणाला, "पात्रांव (मालक), तुमी भिवपाची (घाबरायची) गरज ना, लाद्या माझ्या वळखीच्या दुकानातून आणतो." ५५ रुपये फुटाने ४४ पेट्यांचे ३८,७२० घेतले, सिमेंट-रेती-ऍडहेसिव्हचे १४,५०० आणि मजुरी १९,२००. बिल? नंतर देतो म्हणाला. मजुरीचे गूगल पे केले ते कुणा बाईच्या नावावर गेले, विचारलं तर म्हणे वहिनीचं खातं. बाकी सगळी कॅश.

पेट्या आल्या त्या दिवशी अर्ध्यांवरचे स्टिकर ओरबाडलेले होते. म्हणाला पावसात भिजले. बाकीचा पुठ्ठा कोरडा ठणठणीत! पेटीवर ग्रेड आणि बॅच नंबर असतो, तो प्रत्येक पेटीवर एकच आहे ना ते बघा, नसेल तर पेटी आत घेऊच नका. मी बघितलं आणि सोडून दिलं. दहा दिवसांवर चवथ, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायचं, पाहुणे येणार, मी कशाकशाकडे बघू?

पण खरं चुकलो ते तिसऱ्या दिवशी. आई काठी टेकत हॉलमधून चालली होती, मध्येच थांबली आणि परत दोनदा आपटली. "अरे, ही लादी घुमटासारखी वाजते." घुमट म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीचं पोकळ वाद्य. मेस्त हसला, म्हणाला ओली आहे, सुकली की आवाज बसेल. आणि मी काय केलं? आईला म्हटलं, तू आत जा, त्याला काम करू दे. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. ऍडहेसिव्ह सगळीकडे पसरायचं सोडून चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे लाडू ठेवून वर लादी दाबली होती त्याने. १२ गोण्यांचे पैसे घेतले, मागे रिकाम्या ५ सापडल्या. पेट्याही ४०च.

फटी भरायच्या आधी "माणसांना चवथीला घरी धाडायचंय" म्हणून उरलेले ६,२०० नेले. फोन त्या रात्रीपासून बंद. आरतीला घुमटं रंगात आली आणि झांज वाजवणाऱ्या पोराच्या पायाखाली लादी टक् करून तडकली, सगळ्या वाड्यासमोर.

पोलिसांकडे पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या खेपेला म्हणे, काम तर केलंय ना, मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, शिक्का मारलेली कॉपी मागितली तर शिपाई माझ्याकडे असा बघतो जणू मीच पैसे घेऊन पळालोय. कॉपी घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो. पंचायतीत गेलो तर तो आपल्या वॉर्डातला नाही म्हणून हात झटकले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला, बिल आहे का? नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, बरोबर आहे, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि तो कोण देणार, वहिनी? आधार कार्डाचा फोटो आधीच घेऊन ठेवायचा होता, आता सुचतंय.

म्हापशाच्या दुकानात तोच तुकडा दाखवला, ३८ रुपये फूट, सेकंड ग्रेड. लाद्या स्वतः विकत घ्या, मेस्ताला फक्त मजुरी, तीही खोलीखोलीने.

नवा मेस्त परवा येऊन हातोडीच्या दांड्याने एकेक लादी ठोकून गेला. १६० पैकी ६१ पोकळ. उखडून परत लावायचे ४८,००० सांगतोय. आई काही बोलली नाही, त्याच्या मागून काठी टेकत फिरली आणि त्याच्याकडून राहिलेल्या दोन दाखवल्या.