ऐन दुपारी थांबणारी वीज : ३ किलोवॉट सौर संचाचा वर्षभराचा अनुभव

छतावरील पॅनेल आणि सांगाडा यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दोन्हींचे काम चोख आहे. खरा प्रश्न इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या यंत्राच्या, जोडणीचा होता. उन्हाळ्यात बाराच्या सुमारास पडद्यावर २५५ व्होल्ट दिसत, आतून रिले (जोडणी तोडणारा स्वयंचलित स्विच) वाजल्याचा टक्क आवाज येई, लाल दिवा लागे आणि निर्मिती शून्यावर येई.

इन्व्हर्टर यात निर्दोष होता, हे मला उशिरा समजले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या नियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांपुढे, म्हणजे २३० व्होल्टच्या जोडणीवर २५३ व्होल्टपुढे गेल्यास संचाने दोन सेकंदांत ग्रिडपासून, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यापासून, वेगळे व्हावे लागते. आमचे घर रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, वाहिनीच्या टोकाला आहे. दुपारी गल्लीतला वापर कमी असताना सगळ्या छतांवरची वीज उलट दिशेने वाहू लागली की तारेच्या रोधामुळे टोकाचे व्होल्टेज चढते.

जोडणी करणाऱ्या ठेकेदाराने हे आधीच मोजायला हवे होते. त्याने इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतच्या ४० मीटरसाठी ४ चौरस मिलिमीटरची केबल वापरली होती; एवढ्या बारीक केबलच्या रोधामुळे इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज आणखी चढत होते. ती बदलून १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकल्यावर पूर्ण भाराला इन्व्हर्टरपाशीचे व्होल्टेज सुमारे ३ व्होल्टने उतरले आणि बहुतेक दिवशी संच सुरू राहू लागला. इन्व्हर्टरमधील रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरची (प्रवाह व्होल्टेजच्या तुलनेत थोडा मागेपुढे सरकवून व्होल्टेज खाली आणण्याची) सोयही आम्ही सुरू केली, परंतु घरांना वीज देणाऱ्या लघुदाब वाहिनीत रोधाचाच वाटा मोठा असल्याने तिचा उपयोग बेताचाच झाला.

संच घ्यावाच, मात्र करारापूर्वी सुटीच्या दिवशी दुपारी मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्यावे आणि केबलची जाडी करारात लिहून घ्यावी.