आठवीतल्या मुलीला मिळालेली क्रीडा-शिष्यवृत्ती: एका फसवणुकीचा अनुभव

अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुलामुलींना क्लबमध्ये सॉकर, सॉफ्टबॉल किंवा लॅक्रॉस खेळायला पाठवणाऱ्या मराठी पालकांसाठी हा अनुभव लिहीत आहे. माझी थोरली मुलगी आठवीत असताना, २०१७ साली, डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे विद्यापीठीय खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, एका विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने तिला सत्तर टक्के शिक्षणशुल्काची शिष्यवृत्ती देऊ केली. तिने होकार दिला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये, बारावीचे वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर, ती शिष्यवृत्ती काढून घेण्यात आली.

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांचे नियम ठरवणारी संघटना. तिच्या त्या वेळच्या नियमांनुसार विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला आठवीतल्या मुलीला फोन करता येत नव्हता, पण मुलीने स्वतः फोन केला आणि त्याने तो उचलला तर चालत होते. त्यामुळे सगळा व्यवहार क्लबच्या प्रशिक्षकामार्फत होई. अमुक दिवशी, अमुक वेळी, या नंबरवर फोन कर, ते वाट पाहत असतील, असा निरोप तो मुलीला देई. त्यानंतर आम्ही स्वखर्चाने विद्यापीठ पाहायला गेलो. तिथे प्रशिक्षकाच्या खोलीत तेरा वर्षांच्या मुलीसमोर सत्तर टक्क्यांचा आकडा सांगण्यात आला, आणि त्याच बैठकीत हेही सांगण्यात आले की तिच्याच जागेसाठी दुसरी एक मुलगी तयार आहे, तेव्हा दोन आठवड्यांत काय ते कळवावे. हे लेखी मिळेल का, असे माझ्या यजमानांनी विचारले. नियमांमुळे लेखी देता येत नाही, पण आमचा शब्द पक्का असतो, असे उत्तर मिळाले.

त्या उत्तराचा पहिला भाग खरा होता. विद्यार्थी बारावीत जाणार असेल त्या वर्षीच्या १ ऑगस्टपूर्वी क्रीडा-शिष्यवृत्तीचा लेखी प्रस्ताव देण्यास एनसीएएची मनाई आहे. म्हणजे आठवीतल्या मुलीला दिलेल्या वचनामागे तीन वर्षांहून अधिक काळ कसलाही कागद असू शकत नाही, आणि हे वचन देणाऱ्याला पुरते ठाऊक असते. शिवाय महिला सॉकरच्या अख्ख्या संघाला त्या काळी जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम वाटता येत असे आणि ती वीस-पंचवीस खेळाडूंत विभागली जाई. त्यातून सत्तर टक्के शिक्षणशुल्क एका लहान मुलीला तोंडी देऊन टाकायला प्रशिक्षकाला काहीच खर्च येत नव्हता.

मुलीवर मात्र त्या होकाराचा परिणाम ताबडतोब झाला. क्लबने तिचा फोटो विद्यापीठाच्या नावासह आपल्या जाहिरातीत छापला आणि नव्या पालकांकडून फी घेताना तो दाखवला. होकार दिलेल्या खेळाडूच्या मागे इतरांनी लागू नये असा प्रशिक्षकांमध्ये प्रघात असल्यामुळे इतर विद्यापीठांची विचारणा बंद झाली, आणि दुसरीकडे कुठे शिबिराला गेलीस तर वाईट दिसेल, असे क्लबच्या प्रशिक्षकाने तिला बजावले. ज्या विद्यापीठाला होकार दिला होता त्याच्या सशुल्क उन्हाळी शिबिरांना मात्र तिने यावे, अशी अपेक्षा होती. साताऱ्याला तिच्या आजीने पेढे वाटले होते. मुलगी पूर्ण बांधली गेली होती आणि विद्यापीठ पूर्ण मोकळे होते, आणि मी याला फसवणूकच म्हणते.

२०१९ मध्ये तो मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. आधीच्यांनी दिलेले शब्द आपण पाळू, असे नव्या प्रशिक्षकाने फोनवर सांगितले. मग मार्च २०२० मध्ये कोविडमुळे एनसीएएने प्रत्यक्ष भेटीगाठी आणि सामने पाहून खेळाडू निवडणे थांबवले, ते थेट २०२१ च्या मेअखेरपर्यंत. १ ऑगस्ट येऊन गेला, तरी कागद आला नाही. त्याच महिन्यात २०२० च्या शरद हंगामातल्या खेळाडूंना खेळण्यासाठी आणखी एक वर्ष देण्याचा निर्णय झाला, आणि काही दिवसांतच नव्या प्रशिक्षकाचा फोन आला: संघातल्या मुली आणखी एक वर्ष राहणार आहेत, शिष्यवृत्ती देता येणार नाही, हवे तर पूर्ण शुल्क भरून वॉक-ऑन म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात, ये. कोविड हा कोणाचाच दोष नव्हता, हे मी मान्य करते. परंतु नव्या प्रशिक्षकाने स्वतः निवडलेल्या, तिच्याच वयाच्या मुली पुढच्या वर्षी संघाच्या यादीत होत्या.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आम्ही पत्र लिहिले. अशा कोणत्याही प्रस्तावाची आमच्याकडे नोंद नाही आणि प्रशिक्षकाचे तोंडी बोलणे विद्यापीठावर बंधनकारक नसते, एवढेच उत्तर आले. आधीच्या प्रशिक्षकाने ईमेलला उत्तर दिले नाही. क्लबने फोटो काढून टाकला, फी मात्र वर्षअखेरपर्यंतची घेतली. प्रत्यक्ष पाहायला कोणाला येताच येत नसल्यामुळे मुलीला नवा संघ शोधता आला नाही. ती पुढे गुणांच्या आधारावर मिळालेल्या मदतीवर दुसरीकडे शिकली.

हा प्रकार केवळ मुलींच्या किंवा लहान खेळांच्या बाबतीत होतो असे नाही. २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक लेन किफिन यांनी सातवीतल्या, तेरा वर्षांच्या डेव्हिड सिल्स याला शिष्यवृत्ती देऊ केली, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. किफिन यांना २०१३ मध्ये पदावरून काढण्यात आले आणि सिल्स पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला.

नियम आता बदलले आहेत. सॉकरसह बऱ्याच खेळांत दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाला खेळाडूशी निवडीविषयी बोलता येत नाही, लॅक्रॉस आणि सॉफ्टबॉलमध्ये अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी. तरीही 'त्यांना तुमची मुलगी फार आवडली आहे' असे निरोप क्लबमार्फत आजही आठवीतल्या मुलींच्या घरी येतात. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर त्यात सहभागी विद्यापीठांना सॉकरच्या संघात २८ च खेळाडू ठेवता येतात, आणि त्या मर्यादेमुळे अनेक खेळांतल्या मुलामुलींना दिलेले तोंडी शब्द पुन्हा मोडले गेले.

असा निरोप तुमच्या घरी आला तर मुलीला इतर विद्यापीठांना व्हिडिओ आणि ईमेल पाठवणे थांबवू देऊ नका, क्लबने कितीही नाराजी दाखवली तरी. निर्णयासाठी मुदत घातली गेली तर ती कोणाच्या सोयीची आहे हे तिच्या समोरच विचारा. प्रशिक्षकाचा करार कोणत्या वर्षापर्यंत आहे तेही विचारा. सरकारी विद्यापीठांत ही माहिती बहुधा मागता येते. बारावीत आर्थिक मदतीचा करार हातात आला की रक्कम शिक्षणशुल्काची आहे की राहण्याजेवणासह एकूण खर्चाची, आणि ती एका वर्षासाठी आहे की चारही वर्षांसाठी, हे सही करण्यापूर्वी वाचा.